दार उघडल्यावर लागणारा दिवा

आमच्या गाडीतला छताचा दिवा कधीतरी बंद पडणारच होता. गाडी अकरा वर्षांची आहे. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी आपापल्या सवडीनं बंद पडल्या आणि मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण या दिव्यानं बंद पडायला जी वेळ निवडली, ती मला अजून माफ करता येत नाही.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, "उत्तम" म्हणाल्या, डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. इथं थांबायला हवं होतं. पण आम्ही दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी मागून आणखी एक वाक्य टाकलं. "काका, रंग जरा वेगळे दिसतील हं. जुन्या भिंगाचा पिवळेपणा गेला ना, म्हणून."

दवाखान्याखालच्या तळघरात गाडी उभी होती. दुपारचे तीन वाजले होते, पण तळघराला काय, सकाळ काय आणि दुपार काय. बाबांनी हट्टानं स्वतःच दार उघडलं, आत बसले आणि आरशाच्या वर छताकडे बघत राहिले.

"दिवा लागलाय ना रे?"

मी वर बघितलं. अंधार होता.

"नाही बाबा. बिघडलेला दिसतोय."

"सकाळी निघताना तर लागला होता."

"सकाळी लागला होता. आता बिघडलाय."

"बरं," बाबा म्हणाले.

हे 'बरं' काय असतं ते सांगायला हवं. बाबांनी बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. एखाद्या लेखकाच्या ओळीवर त्यांचा विश्वास बसला नाही तर ते वाद घालत नसत. ओळीखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढत. भलेभले लेखक त्या प्रश्नचिन्हाला टरकून असत. घरात पेन्सिल हातात नसली की बाबा 'बरं' म्हणतात.

रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी विषय काढला नाही. मग ताट बाजूला सारून त्यांनी जाहीर केलं, की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"नव्या डोळ्याला पिवळा उजेड दिसत नाही. बाईंनी सांगितलंच तसं. आपल्या घरातले दिवे पांढरे, म्हणून इतके दिवस कळलं नाही. गाडीतला पिवळा आहे, तिथे कळलं. डाव्याला तळघरात धड काही दिसत नाही, पण एरवी पिवळा कळतो. तो एक डोळा पिवळ्यासाठी राहू दे."

तर्क म्हणून बघाल तर यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. माझी बायको उठली आणि तिनं साबणाची पिवळी वडी आणून त्यांच्यासमोर धरली. बाबा म्हणाले, "हा रंग झाला. मी उजेडाबद्दल बोलतोय." तिनं मेणबत्ती लावली. बाबा म्हणाले, "ही दिसते. पण ही उघडी ज्योत आहे आणि हातभर अंतरावर आहे. तुलना करायची तर मूळ प्रतीशी करायची." मूळ प्रत म्हणजे गाडीतला दिवा.

"अहो बाबा, पण तो लागलाच नव्हता," बायको म्हणाली.

"तू होतीस तिथे?"

ती नव्हती. होतो तो मी, आणि माझ्या शब्दाला बाबांच्या लेखी किती वजन आहे ते त्या 'बरं'मध्ये आलेलंच होतं.

"बिघडला असेल तर दुरुस्त कर की," बाबा मला म्हणाले. "तू तर हेच शिकवतोस."

घाव वर्मी बसला. बावीस वर्षं मी सातवीला विज्ञान शिकवतो. आठवा धडा, विद्युत परिपथ. खुला परिपथ, बंद परिपथ, घटाच्या धन अग्रापासून ऋण अग्रापर्यंत. फळ्यावर मी जो परिपथ काढतो त्यातला दिवा आजवर एकदाही बंद पडलेला नाही. मात्र खडूखेरीज दुसऱ्या कशानं मी कधी परिपथ जोडलेला नाही, ही गोष्ट शाळेत कोणाला ठाऊक नव्हती आणि घरात सगळ्यांना होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कामाला लागलो. आधी दिव्याचं झाकण काढलं. म्हणजे ते ओढलं आणि त्याच्या चार चिमट्यांपैकी दोन माझ्या मांडीवर पडले. आतला बल्ब काढून कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो दोन तारांना टेकवला. बल्ब लख्ख लागला.

"चांगला आहे की," तो म्हणाला.

बल्ब चांगला निघाल्याचं कोणाला दुःख होत असेल असं मला त्याआधी वाटलं नव्हतं.

बल्ब चांगला, तर मग फ्यूज. फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, डाव्या अंगाला, अशा जागी बसवलेली असते की ती बघायची तर माणसानं डोकं पेडलपाशी आणि पाय पाठीच्या आधारावर ठेवले पाहिजेत. मी त्या अवस्थेत असताना पायांच्या दिशेनं आवाज आला.

"कोण आहे?"

हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. माणूस सज्जन, पण नियमाचा. त्यांनी माझ्या पायांना सांगितलं, की तळघरातल्या वाहनतळात वाहनदुरुस्तीला मनाई आहे, करायची झाल्यास लेखी अर्ज द्यावा लागतो आणि शेजारच्या दोन्ही जागांच्या मालकांची हरकत नसल्याचं पत्र जोडावं लागतं. मी उलटा होतो. उलट्या माणसाला वाद घालता येत नाही. मी हो म्हणालो.

अर्जाचा नमुना छापील होता. 'दुरुस्तीचे स्वरूप' या रकान्यात मी 'दिवा' लिहिलं. 'दुरुस्ती करणाऱ्याची पात्रता' इथं बराच वेळ पेन टेकवून बसलो आणि 'विज्ञान शिक्षक' असं लिहिलं. उजवीकडच्या जागेची सही पाच मिनिटांत मिळाली. डावीकडची जागा खुद्द सेक्रेटरींची निघाली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण सेक्रेटरी म्हणाले, अर्ज घेणारा मी वेगळा आणि जागेचा मालक मी वेगळा. मालक म्हणून मला विचार करायला वेळ हवा. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मालकानं सेक्रेटरीला पत्र दिलं आणि सेक्रेटरींनी ते पोच देऊन स्वीकारलं.

उजवीकडच्या जागेचे मालक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे अनुभवी. हे त्यांचं आडनाव नव्हे. कोणताही विषय निघाला की ते "मला अनुभव आहे" अशी सुरुवात करतात, म्हणून माझ्या बायकोनं ठेवलेलं नाव. मुलीच्या लग्नाचा, मूतखड्याचा, बदलीचा, सगळ्याचा त्यांना अनुभव आहे. सही करतानाच त्यांनी विचारलं, "कशाचं काम आहे?" मी सांगितलं. इतकंच नाही, बाबांचं, डोळ्याचं, पिवळ्या उजेडाचंही सांगून बसलो. सांगायला नको होतं. पण दोन दिवस मी कोणाशी मोकळेपणानं बोललो नव्हतो आणि माणूस गाफील असतो तेव्हाच अनुभवी भेटतात.

त्यांचा चेहरा गंभीर झाला. "वडिलांची काळजी करू नका. त्यांना सांभाळून घेऊ. आणि गाडीचा मला अनुभव आहे. फ्यूजला हात लावण्याआधी बॅटरीची तार काढायची, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायची. निम्मे आजार तिथेच बरे होतात."

परवानगी मिळाल्यावर मी तार काढली. दहा मिनिटं थांबलो. तार लावली आणि गाडी भोंग्यासारखी केकाटायला लागली. चोर-घंटा. ती बंद करायचं बटण किल्लीवर असतं आणि किल्ली गाडीत होती आणि गाडीनं स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. दुसरी किल्ली घेऊन बायको चार मजले जिन्यानं उतरली, कारण लिफ्ट वर अडकवून शेजारची मंडळी काय झालं ते विचारत उभी होती. घंटा थांबली. अनुभवी म्हणाले, "म्हणजे बॅटरी चांगली आहे."

एवढं होऊन फ्यूज सापडला मात्र मलाच. पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा त्याचं चित्र होतं. त्यातली बरीच चित्रं झिजून नुसते ठिपके उरले होते. पण एकावर दिव्याचा आकार ओळखू आला. बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं मी तो उपसून काढला. आतली बारीक पट्टी मधोमध तुटून काळी पडली होती. मी तो उजेडात धरला आणि मला जे समाधान वाटलं ते बावीस वर्षांत फळ्यासमोर कधी वाटलं नव्हतं. खुला परिपथ. माझ्या हातात.

नवा फ्यूज बसवला, दार उघडलं. दिवा लागला. पिवळा, मऊ, अकरा वर्षं ओळखीचा. दार लावलं, गेला. उघडलं, लागला. मी पाच-सहा वेळा करून बघितलं. बायको म्हणाली, "आता बाबांना बोलवा, नाहीतर दार निखळेल."

ती फोन करायला बाजूला गेली. मी सगळी दारं नीट लावून घेतली, म्हणजे बाबांनी स्वतः उघडावं. अनुभवींनी पसरलेली हत्यारं गोळा केली, पिशवी डिकीत टाकली आणि डिकी लावली. सेक्रेटरीही आले. काम संपलं की नाही ते बघून अर्जावर शेरा मारायचा होता. चौघं जण लिफ्टच्या दाराकडे बघत उभे राहिलो.

बाबा आले. काळा चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. हात पुसला. गाडीचं दार उघडलं आणि वाकून आत बघितलं.

दिवा लागला नाही.

तेवढ्या वेळात मी काही बोलू शकलो असतो. बोललो नाही. बोलले अनुभवी.

"वा काका," ते म्हणाले. "काय लख्ख पडलाय हो उजेड."

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"लागलाय?"

"लागलाय म्हणजे काय. डोळे दिपतात." आणि त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. सांभाळून घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"बाबा, नाही लागलेला," मी म्हणालो. "आत्ता लागला होता, आता गेलाय."

"घाबरवू नका हो त्यांना," अनुभवी मला दबक्या आवाजात म्हणाले. तो दबका आवाज तळघरात सगळ्यांना ऐकू गेला. "काका, मस्त लागलाय."

"बाबा, खरंच नाही लागला," बायको म्हणाली.

बाबांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी नियमाचे होते, खोटं बोलणारे नव्हते. पण अनुभवींनी त्यांच्या दंडाला हलकेच कोपर लावलं. सेक्रेटरींनी एकदा छताकडे, एकदा हातातल्या अर्जाकडे आणि एकदा बाबांच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं.

"काम समाधानकारक आहे," ते म्हणाले.

दोन विरुद्ध दोन. त्यातले दोघे घरचे, म्हणजे हितसंबंध असलेले, दोघे तिऱ्हाईत. बाबांनी दार हळूच लावलं, चष्मा घातला आणि ते लिफ्टकडे गेले. जाताना त्यांचा हात भिंतीला होता. गेले तीन आठवडे तो भिंतीला नसायचा.

मी फ्यूजच्या पेटीशी वाकलो. अनुभवींना सुनावण्यासारखं खूप होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अशा वेळी खोटं बोलावं लागतं. मला अनुभव आहे."

फ्यूज काढून बघितला. परत काळा.

संध्याकाळी मी बाबांच्या खोलीत डोकावलो. ते खुर्चीतून उठले होते आणि डोळे घट्ट मिटून दाराकडे चालत होते. ओठ हलत होते. पावलं मोजत होते. दाराशी पोचल्यावर त्यांनी चौकट चाचपली, वळले आणि मोजत परत खुर्चीशी गेले. तिसऱ्या खेपेला मी वाटेत होतो, तेव्हा त्यांचा हात माझ्या छातीला लागला.

"कोण?"

"मी."

त्यांनी डोळे उघडले. चोरी पकडल्यासारखे खुर्चीत बसले. "सवय असलेली बरी," ते म्हणाले. "आज पिवळा गेला, उद्या पांढरा जाईल."

"बाबा, तुम्हाला दिसतंय. तुम्ही सकाळी पेपर वाचलात. दिवा खरंच लागला नव्हता. ते दोघं तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले."

"असेल."

"मग माझ्यावर विश्वास का नाही ठेवत?"

बाबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी चार महिने तू रोज संध्याकाळी येऊन सांगायचास, रिपोर्ट चांगले आहेत. मी रोज विश्वास ठेवला."

रिपोर्ट चांगले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, त्यांना बरं वाटावं. अनुभवींवर मनातल्या मनात डाफरायला मी दुपारपासून जी वाक्यं जमवून ठेवली होती, ती सगळी एकदम कोणाच्या तरी वेगळ्याच पत्त्यावर जाऊन पोचली.

त्यानंतर दिवा दुरुस्त करणं हा माझ्या हौसेचा किंवा सातवीच्या आठव्या धड्याचा प्रश्न राहिला नाही. मी गाडी कंपनीच्या मान्यताप्राप्त केंद्रात नेली. तिथं काचेमागे टाय बांधलेला एक गृहस्थ बसला होता. गाडीला काय झालंय ते त्यानं गाडीकडे न बघता विचारलं. मी सुरुवातीपासून सांगितलं, कारण मधूनच सांगितलं तर कळलं नसतं. त्यानं टाइप केलं आणि कागद माझ्यापुढे सहीला सरकवला. 'ग्राहकाची तक्रार: वडिलांना दिसत नाही.'

"अहो, ही गाडीची तक्रार नाही," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय, सर."

"दिवा लागत नाही, असं लिहा."

"एकदा नोंद झाली की बदलता येत नाही. खाली शेरा टाकतो." त्यानं शेरा टाकला. 'दिवाही लागत नाही.'

दोन दिवसांनी फोन आला. गाडी संगणकाला जोडली होती. संगणकाला गाडीत दोष सापडला नव्हता. नवा फ्यूज घातल्यावर दिवा लागला, आणि गाडी बाहेर काढेपर्यंत गेला. त्यामुळे संपूर्ण वायरिंगचा गठ्ठाच बदलावा लागेल, तो सहा आठवड्यांनी येईल. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यासाठी धरून ठेवलेला दिवस त्याआधी उलटून गेला असता. मी गाडी परत आणली. येताना गाडीच्या फायलीत तो कागदही आला. तो मी बाबांच्या हाती लागू नये म्हणून लपवला, आणि लपवताना स्वतःची लाज वाटून परत टेबलावर ठेवला. बाबांनी तो वाचला. "'दिवाही' बरोबर आहे," ते म्हणाले. "लोक 'ही' तोडून लिहितात."

शेवटी विजेच्या दुकानदारानं मला वायरमनकडे पाठवलं. टायरच्या दुकानाला लागून त्याचा एक शटरचा गाळा. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कानावर पेन्सिलीऐवजी तारेचा तुकडा खोचलेला. मी सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तर त्यानं हात वर केला.

"किती फ्यूज गेले?"

"तीन."

"फ्यूज उगाच जात नाही. वायर कुठेतरी सोललीय आणि पत्र्याला टेकतेय. रविवारी सकाळी गाडी आणा. येताना एक माणूस घेऊन या. मी मागे असणार, पुढे दिव्याकडे बघायला कोणीतरी लागतं."

"मी आहे की."

"तुम्ही डिकी धरणार. तुमच्या डिकीचा दांडा गेलाय, मघाशी बघितलं मी. आपोआप खाली येते."

रविवारी बायकोला एका मैत्रिणीकडे जायचं होतं. अनुभवींना नेण्यापेक्षा मी दिवा कायमचा काढून टाकला असता. राहिले बाबा.

"माझा काय उपयोग?" बाबा म्हणाले. पण तयार झाले. शर्टाला इस्त्री केलेली होती. कुठंतरी कामाला बोलावलंय म्हटल्यावर ते इस्त्रीचाच शर्ट घालतात.

वायरमननं छतातला बल्ब काढून घेतला, डिकीतला एक छोटा बल्ब होता तोही काढला. मग फ्यूजच्या जागी दोन तारांचा एक साधा बल्ब लावून तो स्टिअरिंगवर अडकवला. "हे बघा काका, सगळे दिवे काढलेत. आता हा लागायचं काही कारण नाही. तरी लागला, तर समजायचं वायर पत्र्याला टेकली. लागला की 'लागला' म्हणायचं, गेला की 'गेला'. मला मागून दिसणार नाही, तुमच्या सांगण्यावरच काम आहे."

मी त्याला बाजूला घेतलं. "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"झालं ना? मग दिसत असेल," तो म्हणाला आणि कामाला लागला.

मी डिकी धरून उभा राहिलो. डिकीचा पत्रा माझ्यासमोर भिंतीसारखा होता. त्यापलीकडे गाडीत बाबा होते, बल्ब होता, आणि मला दोन्ही दिसत नव्हते. वायरमननं पुढच्या पायदानाखालची तार हलवली.

"काका?"

"काही नाही."

दाराच्या उंबऱ्याखालचं आवरण उचकटून तो तिथली तार हलवायला लागला.

"आता?"

"काही नाही."

मागच्या सीटखाली. "काही नाही." छताच्या कडेनं. "काही नाही."

प्रत्येक 'काही नाही'ला मी मान वाकडी करून डिकीच्या कडेनं आत बघायचा प्रयत्न करत होतो. कारण बल्ब खरंच लागला नव्हता, की लागून बाबांना दिसला नव्हता, हे सांगणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की समजा बाबांचंच खरं असेल तर. समजा खरंच त्या डोळ्याला हा उजेड दिसत नसेल तर. मी इतके दिवस त्यांना पटवायच्या मागे होतो, त्यांना काय दिसतं ते एकदाही नीट विचारलं नव्हतं.

वायरमन मागे आला. डिकीच्या बिजागरीपाशी एक रबरी नळी होती, त्यातून तारा गाडीच्या अंगातून डिकीत येत होत्या. त्यानं ती दोन बोटांनी दाबली.

"काही नाही," आतून आवाज आला.

"डिकी खाली घ्या. हळू."

मी खाली घ्यायला लागलो. अर्ध्यावर आलो.

"लागला," बाबा म्हणाले.

वायरमननं मला हातानंच थांबवलं. "आता वर."

"गेला."

"खाली."

"लागला. पण मंद. थरथरतोय." थोडं थांबून, "आता स्थिर झाला."

"पिवळा आहे ना?" मी डिकीवरून ओरडून विचारलं.

"मग काय निळा असणार?" बाबा म्हणाले. ते कामात होते आणि त्यांना मध्ये बोललेलं खपत नाही.

वायरमननं रबरी नळी पातीनं चिरली. आत एका तारेचं आवरण घासून गेलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं. डिकी लावली की ते बरोबर पत्र्याला टेकत होतं. दवाखान्याच्या तळघरात बाबांनी दार उघडण्याआधी त्यांची फाइल ठेवून डिकी मीच आपटली होती. आमच्या तळघरात अनुभवींनी लावली होती. केंद्रात त्या लोकांनी लावली असणार. मी बावीस वर्षं फळ्यावर हेच काढत होतो.

"सापडली," वायरमन म्हणाला. "काका, आता बघायची गरज नाही."

"तरी एकदा वर-खाली करून बघा," बाबा म्हणाले. "पहिल्या वाचनात एक चूक सापडली की पुढच्या ओळीत दुसरी असते."

वायरमननं तार जोडली, वर नवं आवरण चढवलं, आणि बाबांच्या सांगण्यावरून तीन वेळा डिकी वर-खाली केली. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, "काही नाही." आणि तिन्ही वेळा मी त्यावर विश्वास ठेवला. सगळे बल्ब परत जागेवर आले. तीन फ्यूज जळाले होते, चौथा वायरमननं बसवला. मग वायरमननं बाबांना उतरायला हात दिला. त्यांना तो लागत नव्हता, पण त्यांनी घेतला.

"नजर चांगली आहे तुमची," वायरमन म्हणाला. "मंद आहे ते सांगणारी माणसं फार कमी भेटतात. बाकीचे नुसतं लागला-गेला करतात."

बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या नीट खाली ओढून घेतल्या.

घरी येताना सिग्नलला गाडी थांबली. बाबा बाहेर बघत होते. "त्या दिवशी आपल्या तळघरात दिवा लागला नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

"आणि त्याआधी दवाखान्यातही."

"नाही."

"तू सांगितलं होतंस."

"हो."

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात मी गाडी वळवली. मग त्यांनी विचारलं, "डाव्या डोळ्याचं दुखेल का?"

'छे हो बाबा, कळणारसुद्धा नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. अशी वाक्यं माझ्याकडे कायम तयार असतात. उजव्या डोळ्याच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो आणि ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आल्यावर बाबा माझ्याकडे न बघता चालत गेले होते.

"दुखेल," मी म्हणालो. "दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त जाणवतं म्हणतात."

"किती वेळ?"

"ते मला माहीत नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांनी काळा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

"बाईंना विचारून घे," ते म्हणाले. "आणि विचारायला जाशील तेव्हा तारीखही पक्की करून टाक."